‘हे ऐकाच’ म्हणण्याआधी: नेटवर सापडलेलं गाणं, रेडिओ कार्यक्रम आणि अजब आवाज दुसऱ्याला नीट कसे ऐकवावेत

नेटवर भटकताना अचानक कानावर काहीतरी पडतं. जुन्या तबकडीवरचं गाणं, मध्यरात्रीचा एखादा रेडिओ कार्यक्रम, समुद्राच्या तळातून आलेला न उमगणारा आवाज. अंगावर काटा येतो आणि आपण लगेच लिंक कॉपी करून चार ठिकाणी टाकतो. खाली दोन शब्द: ‘ऐकाच हे!’ आठवड्यानं विचारावं, तर कोणीच ऐकलेलं नसतं.

मी एका मैत्रिणीला दोन तासांचा रेडिओ कार्यक्रम असाच पाठवला होता. मला तिला ऐकवायचा होता तो तुकडा १ तास १२ मिनिटांवर होता, आणि हे मी लिहिलंच नव्हतं. तिनं इमानेइतबारे पहिली सहा मिनिटं ऐकली. त्यात बातम्या होत्या. ‘ऐकल्या बातम्या, पण त्यात विशेष काय?’ असं तिनं कळवलं. तो तुकडा तिनं नंतरही ऐकला नाही, आणि मला त्याची हळहळ अजून वाटते.

लेखावरून नजर फिरवता येते, फोटो क्षणात दिसतो. आवाज मात्र चाळता येत नाही. दहा मिनिटांचा आवाज ऐकायला दहा मिनिटंच लागतात. कोणाकडे तेवढा वेळ मागायचा, तर त्याआधीची मेहनत पाठवणाऱ्यानं करायला हवी. खालचे टप्पे त्या मेहनतीचे आहेत आणि ते याच क्रमानं करायचे आहेत. बहुतेक जण पहिले चार टप्पे गाळून एकदम लिंक पाठवतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

तयारी

फार काही लागत नाही. बरा हेडफोन, मिनिट-सेकंद टिपायला वही किंवा फोनमधली नोट, आणि ऑडॅसिटी हे आवाजाच्या फाइली तपासायचं, कापायचं मोफत सॉफ्टवेअर. ऑडॅसिटी रोज लागत नाही, पण फाइलबद्दल शंका आली की तिच्याशिवाय भागत नाही.

टप्पा १: आधी स्वतः शेवटपर्यंत ऐका, दोनदा

पहिल्यांदा नुसतं आनंदासाठी ऐका. दुसऱ्यांदा हेडफोन लावून, हाताशी वही घेऊन. या वेळी तीन गोष्टी टिपायच्या: खरी गंमत कुठे सुरू होते, कुठे संपते, आणि मध्ये काही त्रासदायक आहे का. उदाहरणार्थ अचानक वाढणारा आवाज, किंकाळी, शिवी, लांबलचक जाहिरात.

शेवटची काही सेकंदं तर सोडूच नका. जुन्या तबकड्यांवर गायक-गायिका गाणं संपताना स्वतःचं नाव सांगत. गौहरजान यांच्या १९०२ पासूनच्या ध्वनिमुद्रणांत शेवटी ‘माय नेम इज गौहरजान’ असं ठसक्यात ऐकू येतं. तबकड्या परदेशातल्या कारखान्यात छापल्या जात, तिथल्या माणसांना कुठलं गाणं कोणाचं हे कळावं म्हणून ही उद्घोषणा उपयोगी पडे. आज ती आपल्याला उपयोगी पडते. अपलोड करणाऱ्यानं भलतंच नाव लिहिलेलं असतं आणि तबकडी स्वतःच खरं नाव सांगत असते. कित्येक जण शेवटची खरखर म्हणून नेमकी तेवढीच सेकंदं कापून टाकतात.

*तपासा:* डोळे मिटून स्वतःला विचारा, ‘यातलं नेमकं काय मला आवडलं?’ उत्तर एका वाक्यात येत नसेल, तर पुन्हा ऐका. ते वाक्य पुढे सहाव्या टप्प्यात लागणार आहे.

टप्पा २: मूळ ठिकाण गाठा

आपल्याला सापडलेली प्रत बहुतेक वेळा कोणीतरी कोणाकडून तरी उचललेली असते. मधल्या प्रत्येक हातात काहीतरी गळतं: वर्ष, निवेदकाचं नाव, वादकांची नावं, आवाजाचा दर्जा. म्हणून लिंक पाठवण्याआधी प्रवाहाच्या उलट दिशेनं चालत जायचं.

शीर्षकातले वेगळे वाटणारे दोन-तीन शब्द शोधून पाहा. खालचं वर्णन पूर्ण उघडून वाचा. तबकडीच्या लेबलचा फोटो असेल तर त्यावरचा क्रमांक उतरवून घ्या. गाण्याच्या नावानं शेकडो गोष्टी सापडतात, क्रमांकानं नेमकी एक सापडते. अमेरिकेतल्या जुन्या तबकड्यांसाठी सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची ध्वनिमुद्रण-सूची अशा क्रमांकावरून तारीख आणि कलाकार दाखवते.

इंटरनेट अर्काइव्हवर (जुनी वेबपानं, पुस्तकं, ध्वनिमुद्रणं नेटवर जपणारी ही संस्था १९९६ पासून आहे) एकाच ध्वनिमुद्रणाच्या अनेक फाइली दिसतात. त्यांतली ‘ओरिजिनल’ म्हणून नोंदलेली फाइल अपलोड करणाऱ्यानं दिलेली असते, बाकीच्या तिच्यावरून संगणकानं तयार केलेल्या असतात. दुसऱ्याला मात्र सुटी फाइल न पाठवता त्या नोंदीच्या मुख्य पानाची लिंक द्या. त्या पानावर माहितीही असते आणि ऐकण्याची सोयही.

टप्पा ३: सांगितलंय तसंच आहे का, हे पडताळा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, खास करून अजब आवाजांच्या बाबतीत. आवाज खोटा असतो असं नाही. पुष्कळदा तो खरा असतो, पण त्याचा वेग बदललेला असतो, आणि ही गोष्ट फॉरवर्ड होता होता गळून जाते.

‘ब्लूप’चंच घ्या. १९९७ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र आणि हवामानविषयक संस्थेच्या पाण्याखालच्या मायक्रोफोनांनी प्रशांत महासागरात एक प्रचंड आवाज टिपला. एखादा अवाढव्य प्राणी डरकाळी फोडतोय, असं सांगत तो आजही फिरतो. आपण ऐकतो ती फीत १६ पट वेगानं वाजवलेली आहे. मूळ आवाज त्याहून कितीतरी खालचा आणि लांबलेला आहे, आणि तो बर्फाचे महाकाय थर तडकण्याच्या आवाजाशी जुळतो, असं पुढे त्याच संस्थेनं सांगितलं. ‘१६ पट वेगानं’ हे तीन शब्द सोबत असले तर ऐकणाऱ्याला खरी गोष्ट मिळते, आणि ती राक्षसाच्या गोष्टीपेक्षा सरस आहे.

वेगाची चूक तज्ज्ञांच्याही हातून झाली आहे. ९ एप्रिल १८६० रोजी पॅरिसमध्ये एदुआर-लेओं स्कॉट द मार्तेंव्हील यांनी आवाजाची कंपनं रेखाटणाऱ्या यंत्रानं काजळी धरलेल्या कागदावर गाण्याच्या ओळींची रेषा उमटवली. २००८ मध्ये संशोधकांनी त्या रेषेतून आवाज काढला, तेव्हा ती एखादी मुलगी किंवा बाई गातेय असं वाटलं. पुढच्या वर्षी लक्षात आलं की वेग दुप्पट धरला गेला होता. योग्य वेगावर तो संथ गाणारा पुरुष निघाला, बहुधा स्कॉट स्वतःच. नेटवर आज दोन्ही आवृत्त्या आहेत. कुठली पाठवताय, ते पाहून पाठवा.

अवकाशातल्या आवाजांचंही तसंच. नासानं २०२२ मध्ये पर्सियस दीर्घिकासमूहातल्या कृष्णविवराचा ‘आवाज’ प्रसिद्ध केला, तेव्हा तो ५७ आणि ५८ सप्तकं वर चढवल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. एक सप्तक वर म्हणजे कंपनसंख्या दुप्पट. अशी ५७ वेळा दुप्पट केली तेव्हा कुठे तो माणसाच्या कानाच्या टप्प्यात आला. मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स यानानं २०२१ मध्ये पाठवलेला वाऱ्याचा आवाज मात्र खरोखर मायक्रोफोननं टिपलेला आहे. हे दोन्ही ‘अवकाशातले आवाज’ म्हणून एकाच माळेत ओवले जातात, तेव्हा मला वाईट वाटतं. दोन्ही विलक्षण आहेत, पण वेगवेगळ्या कारणांनी.

जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांतही हाच धोका आहे. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वेग पक्का ठरलेला नव्हता, सत्तरपासून ऐंशीच्या वरपर्यंत कुठलाही असू शकत होता. गायकाचा स्वर संशयास्पद पातळ किंवा घोगरा वाटला, तर त्याच ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत ऐकून पाहा.

*तपासा:* कोणी ध्वनिमुद्रित केलं, कधी, कशानं, आणि वेग बदलला आहे का? चारांपैकी दोन प्रश्नांचीही उत्तरं सापडली नाहीत, तर ‘मूळ माहीत नाही’ असं स्वच्छ लिहा. तसं लिहिण्यात कमीपणा नाही.

*सावधान:* ‘१९३० सालचं दुर्मिळ ध्वनिमुद्रण’ म्हणून आलेली गोष्ट दोन्ही कानांत वेगवेगळी, स्वच्छ ऐकू येत असेल तर थांबा. स्टिरिओ तबकड्या बाजारात रुळल्या त्या १९५८ नंतर. यंत्रानं (एआयनं) बनवलेली गाणी आता जुन्या खरखरीसकट मिळतात. कलाकाराचं नाव नाही, तबकडीचा क्रमांक नाही, लेबलचा फोटो नाही, असं तिन्ही एकत्र आलं तर मी ते पाठवत नाही.

दर्जाचीही शंका असेल, तर फाइल ऑडॅसिटीत उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे स्वर दाखवणारं चित्र, पाहा. फाइल स्वतःला ३२० केबीपीएस (सेकंदाला ३२० किलोबिट, म्हणजे वरचा दर्जा) म्हणवते, पण १६ किलोहर्ट्‌झच्या वर चित्र कात्रीनं कापल्यासारखं सपाट रिकामं असेल, तर ती आधी कमी दर्जाची होती आणि नंतर फुगवली गेली, अशी दाट शक्यता असते. जुन्या तबकड्यांना मात्र ही कसोटी लावू नका. त्यांत मुळातच तेवढ्या वरचे स्वर नसतात.

टप्पा ४: लिंक द्यायची की फाइल, ते ठरवा

नियम सोपा ठेवा: जिथे लिंक देता येते तिथे फाइल देऊ नये. लिंकवरून ऐकणारा मूळ ठिकाणी जातो, कलाकाराला श्रेय मिळतं आणि माहिती शाबूत राहते.

फाइल द्यायचीच असेल, तर हक्क पाहावे लागतात. एका गाण्यात दोन हक्क असतात, रचनेचा वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. एक संपला म्हणून दुसरा संपतोच असं नाही. ध्वनिमुद्रणाची मुदत देशागणिक बदलते. भारतात ती प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं आहे, युरोपीय संघात प्रकाशनानंतर ७०. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानं १९२३ पूर्वी प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ ला खुली झाली, १९२३ ची २०२४ मध्ये आणि १९२४ ची २०२५ मध्ये. ‘जुनं आहे, म्हणजे फुकट आहे’ हा समज म्हणूनच चुकीचा ठरतो.

क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (कर्त्यानं सगळ्यांना आधीच दिलेली वापराची परवानगी) असेल तर त्याची अक्षरं वाचा. ‘बाय’ असेल तर कर्त्याचं नाव द्यायचं, ‘एनसी’ असेल तर त्यातून पैसे कमवायचे नाहीत, ‘एनडी’ असेल तर बदल केलेलं वाटायचं नाही. फ्रीसाउंड आणि पक्ष्यांच्या आवाजांचं झेनो-कँटो ही दोन ठिकाणं प्रत्येक आवाजाशेजारी परवाना आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव दाखवतात. ते नाव उतरवून घ्यायला पाच सेकंदं लागतात.

टप्पा ५: नेमक्या सेकंदाची लिंक तयार करा

यूट्यूबवर शेअर करताना ‘स्टार्ट अॅट’चा चौकोन दिसतो. तो नसेल तर हातानं करा. १२ मिनिटं ३४ सेकंदांसाठी एकूण ७५४ सेकंदं होतात, लिंकच्या शेवटी इंग्रजी ‘टी’, बरोबरचं चिन्ह आणि ७५४ जोडायचं. लिंकमध्ये आधीच प्रश्नचिन्ह असेल तर जोडण्यापूर्वी ‘अँड’चं चिन्ह घालायचं, नसेल तर प्रश्नचिन्ह. ही एक खूण चुकली की सगळं पहिल्यापासून वाजतं. ‘एसआय’नं सुरू होणारी शेपटी माग काढण्यासाठी असते, ती काढून टाकली तरी चालतं. साउंडक्लाउडवरही वेळ जोडून शेअर करता येतं.

सुरुवात गंमतीच्या क्षणावर ठेवू नका. आठ-दहा सेकंदं आधी ठेवा. कानाला त्या खोलीत शिरायला, निवेदकाचा सूर ओळखायला तेवढा अवधी लागतो.

थेट चालू असलेल्या रेडिओला मिनिट-सेकंद नसतात. रेडिओ गार्डनमध्ये पृथ्वीगोल फिरवत एखादं केंद्र सापडलं आणि तिथे सुंदर काहीतरी लागलं, तर लिंक उघडणाऱ्याला तासाभरानं तिथे शेअर बाजाराचे भाव ऐकू येतील. अशा वेळी केंद्राचं नाव, कार्यक्रमाचं नाव, वार आणि वेळ लिहा, आणि ती वेळ कुठल्या देशाची हेही लिहा. मग त्या केंद्राच्या स्वतःच्या संग्रहात तो भाग ठेवला जातो का, ते पाहा. तसा मिळाला तर त्याचीच लिंक द्या.

*तपासा:* लिंक ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगइन न करता उघडा. खातं मागतंय का? आधी किती जाहिराती येतात? ठरल्या सेकंदालाच सुरू होतंय का? ऐकणारा दुसऱ्या देशात असेल तर ‘तुझ्याकडे उघडतंय का’ एवढं आधी विचारा. काही केंद्रांचे कार्यक्रम ठरावीक देशांतच वाजतात.

तुकडा कापण्याची परवानगी असेल आणि तो कापायचाच असेल, तर तीन चुका टाळा. पहिली, एमपीथ्री उघडून कापून पुन्हा एमपीथ्रीतच जतन करणं. दर वेळी थोडा आवाज झिजतो. एमपीथ्री डायरेक्ट कटसारखं, पुन्हा न दाबता कापणारं साधन वापरा. दुसरी, शब्दाच्या तोंडाशी कापणं. पुढे-मागे एक-दोन सेकंदं मोकळी सोडा. तिसरी आणि सर्वांत वाईट, स्पीकरसमोर फोन धरून टिपणं. त्यात गाण्याबरोबर पंख्याची घरघरही पाठवली जाते. फाइल व्हॉट्सअॅपवर द्यायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून द्या आणि नाव नीट ठेवा: कलाकार, कार्यक्रम, वर्ष. १२८ केबीपीएसला एका मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, यावरून आकाराचा अंदाज घ्या.

टप्पा ६: सोबतच्या चार ओळी

माझ्या मते अर्धं काम इथे आहे. चार ओळींत एवढं यायला हवं: हे काय आहे, कुठून आणि किती ऐकायचं, कान कशाकडे लावायचा, आणि इशारा द्यायचा असेल तर तो.

‘कान कशाकडे लावायचा’ हे बहुतेकांकडून राहतं. ‘लिंकनशर पोचर’ नावानं ओळखलं जाणारं एक गूढ लघुलहरी प्रक्षेपण २००८ पर्यंत ऐकू यायचं. एका इंग्रजी लोकगीताची धून पुन्हा पुन्हा वाजायची आणि मग एक स्त्री पाच-पाच आकडे वाचत जायची. नुसतं ‘भयानक हेरगिरीचा रेडिओ’ लिहिलं, तर माणूस वीस सेकंदांत बंद करतो. त्याऐवजी मी असं लिहीन:

‘हेरांसाठी आकडे वाचणारं रेडिओ केंद्र होतं, असं मानतात. पहिलं दीड मिनिट ऐक. प्रत्येक पाच आकड्यांतला शेवटचा आकडा ती किंचित वरच्या पट्टीत म्हणते, तिकडे लक्ष दे. सुरुवातीची धून मोठ्यानं वाजते, आवाज आधी कमी ठेव.’

आता कोणीही शेवटच्या आकड्याची वाट पाहत दीड मिनिट थांबेल.

दुसरं उदाहरण आपल्या भाषेतलं. १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत मराठीही आहे. नासानं २०१५ मध्ये हे नमस्कार साउंडक्लाउडवर ठेवले, पण संगीत हक्कांमुळे ठेवलं नाही. त्यामुळे मराठी नमस्काराला नासाची लिंक चालते. त्याच तबकडीवरच्या केसरबाई केरकरांच्या भैरवीसाठी मात्र वेगळा, अधिकृत स्रोत शोधावा लागतो. सोबतची ओळ: ‘मराठीत, जेमतेम काही सेकंदं. हेच शब्द कोरलेली तबकडी ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचली आहे. एकट्यानं, हेडफोनवर ऐक.’

*सावधान:* ‘जगातलं सर्वांत’, ‘रडू आलं नाही तर सांग’ असं लिहू नका. माणूस ऐकण्याऐवजी रडू येतंय का ते तपासत बसतो. श्रुतिकेचा शेवटही सांगू नका. शेवटाकडे खूण करायची असेल तर ‘२१ व्या मिनिटाला दार वाजतं, तोवर थांब’ एवढंच पुरे.

टप्पा ७: कोणाला, केव्हा, किती

एका वेळी एकच. पाच लिंका एकदम आल्या की पाचही राहतात. शक्यतो ग्रुपवर न टाकता ज्याला ती आवडेल त्याला द्या, आणि त्यालाच का, हे एका वाक्यात सांगा. तासाभराचं काही असेल तर सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी. ‘ऐकलंस का?’ असं दुसऱ्या दिवशी विचारू नका. आठ-पंधरा दिवसांनी त्यातलाच एखादा बारीक तपशील काढा, ऐकलेलं असेल तर बोलणं आपोआप सुरू होतं.

टप्पा ८: लिंक मरण्याआधी नोंद ठेवा

अनेक केंद्रं कार्यक्रम ठरावीक दिवसांनी काढून टाकतात. पाठवताना ती मुदत पानावर दिसली तर तीही लिहा. ‘अमुक तारखेपर्यंतच’ म्हटलं की लोक ऐकतातही.

वेबॅक मशीन या, वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या सोयीत ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये पानाची लिंक टाकून ठेवा. त्यात मजकूर टिकतो, वाजणारा आवाज टिकेलच असं नाही. जतन केलेलं पान उघडून, वाजवून खात्री करा. आवाज गेला तरी नाव, तारीख आणि क्रमांक हाती उरतात, आणि त्यावरून दुसरी प्रत शोधता येते.

स्वतःसाठी एक साधी वही ठेवा: तारीख, नेमकं नाव, मूळ ठिकाण, मिनिट-सेकंद, परवाना, कोणाला पाठवलं, आणि पहिल्या टप्प्यातलं ते एक वाक्य. दर तीन-चार महिन्यांनी त्यातल्या लिंका उघडून पाहा. एखादी मेलेली दिसली तर नवी शोधा, आणि ज्याला पाठवली होती त्यालाही ती कळवा. कदाचित त्यानं ती सवडीनं ऐकायला ठेवलेली असेल.